सामायिक माहिती लिफाफ्यावर लिहायची की पत्रात? (स्कीमावाल्यांना प्रश्न)

गोदाकाठी | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, गंगापूर रोडवर आमचं पाच जणांचं दुकान आहे. द्राक्षबागेत लावायची हवामान यंत्रं बनवतो. तापमान, आर्द्रता, पान किती वेळ ओलं राहिलं, जमिनीत ओल किती, एवढं मोजायचं आणि पाठवायचं. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यात दीडशेच्या आसपास यंत्रं उभी आहेत. निम्मी सिमकार्डवर, निम्मी लोरावर (लांब पल्ल्याचा, कमी वीज खाणारा रेडिओ).

आजवर सगळं जेसनमध्ये (नावं आणि आकडे साध्या मजकुरात) चाललं होतं, आता प्रोटोबफवर जायचं ठरलंय (नावांऐवजी क्रमांक आणि आटोपशीर बाइट; कुठल्या क्रमांकाचं फील्ड म्हणजे काय ते 'स्कीमा'त लिहिलेलं). निरोपांचे प्रकार अकरा. प्रत्येकात चार गोष्टी त्याच त्या: यंत्राचा क्रमांक, वेळ, निरोपाचा अनुक्रमांक, फर्मवेअरची (यंत्रातल्या प्रोग्रॅमची) आवृत्ती. ही चौकडी कुठे बसवायची यावरून तीन दिवस जुंपली आहे. पाच माणसांत तीन पक्ष.

पहिला पक्ष म्हणतो लिफाफा करा. बाहेर चौकडी आणि 'प्रकार' नावाचं एक फील्ड, आत 'पेलोड' म्हणून बाइट्सचं गाठोडं. दुसरा म्हणतो लिफाफा ठीक, पण आत गाठोडं नको, वनऑफ ('यातला एकच भरा' अशी यादी) करा, म्हणजे अकरा निरोप उघड दिसतील. तिसरा पक्ष म्हणजे मी. लिफाफा कशाला? प्रत्येक निरोपात फील्ड क्रमांक १ ला 'हेडर' ठेवा, चौकडी त्यात, विषय संपला.

तुम्ही काय केलं असतं, आणि केल्यावर कुठे पस्तावलात?

वाचनमात्र | सोमवार, रात्री १०:२०

सीरिअलायझेशनला (निरोपाचे बाइट करण्याला) मराठीत 'अनुक्रमीकरण' म्हणतात असं एका शासकीय शब्दकोशाच्या भक्ताने मला सांगितलं होतं. तेव्हापासून दाढ दुखते.

सातपूरकर | सोमवार, रात्री १०:४१

लिफाफा. डोळे मिटून लिफाफा. टपाल तिकिटं छापणाऱ्या गावात राहून लिफाफा कशाला म्हणता, नाशिकरोडवाले ऐकतील.

बिट_बहाद्दर | सोमवार, रात्री ११:०५

तिसरा पर्याय वाटतो तितका वाईट नाही. तुमच्या सर्व्हरवर मधे कोणी वाटप करणारा असेल (हा निरोप डेटाबेसला, तो इशाऱ्याला), तर त्याच्यासाठी फक्त फील्ड १ असलेला एक छोटा मेसेज लिहायचा. अकरापैकी कुठलाही निरोप त्याने वाचला तरी हेडर मिळेल, बाकीची फील्डं अनोळखी म्हणून बाजूला पडतील. वायरवर (म्हणजे प्रत्यक्ष पाठवलेल्या बाइटांत) प्रत्येक फील्डच्या आधी क्रमांक आणि वायर टाइप (पुढचा माल किती लांब हे कळायची खूण) असतो, त्यामुळे काय ओलांडून पुढे जायचं हे स्कीमा नसतानाही कळतं.

पण. प्रोटोबफचे बाइट स्वतःचं नाव सांगत नाहीत. हातात आलेलं बंडल हवामान नोंद आहे की पंपाचा निरोप, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणजे 'प्रकार' हेडरमध्ये घालावाच लागणार. मग तो चुकीच्या मेसेजमध्ये चुकीचा भरला तर? आणि बारावा निरोप लिहिणारा नवा मुलगा फील्ड १ ला हेडर ठेवायचं विसरला तर? ते तपासणारा कंपायलर नाही. सगळी भिस्त शिस्तीवर. पाच जणांत चालेल, पंधरा झाल्यावर नाही.

मुक्ताफळे | सोमवार, रात्री ११:१७

पाच जणांत तीन पक्ष, म्हणजे युतीचं सरकार कधी?

अंबडचा_आगाऊ | मंगळवार, सकाळी ९:३३

वनऑफला माझं मत. जनरेट झालेल्या कोडमध्ये स्विच लिहिला की एखादा प्रकार राहिला तर लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) ओरडतो. स्कीमा उघडली की काय काय येऊ शकतं ते एका पानात दिसतं. बाइट्सचं गाठोडं म्हणजे तपासनीसाला हरताळ. आत कोणी काहीही बदललं तरी सुसंगतता तपासणाऱ्या साधनाला 'बाइट्स' एवढंच दिसतं आणि तो हिरवा दिवा दाखवतो. अव्ह्रोवाल्यांचंही (तोही प्रोटोबफसारखाच प्रकार) तेच. रजिस्ट्रीमध्ये (स्कीमांच्या नोंदवहीत) लिफाफ्याची स्कीमा नोंदवायची आणि खरा माल बाइट्समध्ये कोंबायचा, मग रजिस्ट्री असून नसून सारखीच.

बिट_बहाद्दर | मंगळवार, सकाळी १०:०२

@अंबडचा_आगाऊ, तपासनीसाचा मुद्दा एकशे एक टक्के मान्य. पण वनऑफची एक खोच सांगतो. उद्या बारावा प्रकार जोडला आणि मधला वाटप करणारा जुन्याच स्कीमावर राहिला, तर त्याला तो निरोप कसा दिसतो? 'वनऑफ भरलेलाच नाही' असा. रिकामा निरोप आणि नवा निरोप यांत त्याला फरकच करता येत नाही. आमच्याकडे असेच निरोप दोन दिवस 'रिकामा' म्हणून कचऱ्यात जात होते. बाहेर 'प्रकार = १२' असं वेगळं लिहिलेलं असतं तर निदान 'हे काय नवीन' असा लॉग तरी पडला असता.

आणि प्रोटो३ मध्ये (प्रोटोबफच्या भाषेची तिसरी आवृत्ती) अनोळखी फील्ड जपून पुढे पाठवणं लायब्ररीच्या ३.५ आवृत्तीपासून आलं. त्याआधीच्या लायब्ररीवर बसलेला मधला माणूस निरोप वाचून पुन्हा लिहितो तेव्हा अनोळखी ते सगळं गाळून टाकतो. फर्मवेअरवाल्यांकडे जुन्या लायब्ऱ्या किती वर्षं टिकतात हे मी सांगायला नको.

येवलेकरीण | मंगळवार, सकाळी ११:२०

धागा बघून आले, पैठणीचा असेल म्हणून. असो, आलेच आहे तर बोलते, पोटापाण्याला हेच करते.

तुम्ही सगळे कुठे ठेवायचं यावर भांडताय. मला आधी हे सांगा की ती चार फील्डं वाचणार कोण? वाटप करणाऱ्याला यंत्र क्रमांक आणि प्रकार हवा. दुबार निरोप गाळणाऱ्याला अनुक्रमांक. फर्मवेअरची आवृत्ती कोणाला हवी? फक्त तक्रार आली की तुमच्या सपोर्टवाल्याला. मग ती प्रत्येक निरोपावर का चिकटवता? यंत्र चालू झालं की एकदा 'मी उठलो, माझी आवृत्ती ही' असा निरोप पाठवा. झालं.

निरोप न उघडता ज्याला काम करायचंय त्याच्यापुरतंच बाहेर. बाकी आत.

सातपूरकर | मंगळवार, सकाळी ११:२६

ताई, दंडवत. वाचनखूण साठवली.

लोराप्रेमी | मंगळवार, दुपारी १:४५

लोरावरच्या निम्म्या यंत्रांचा हिशेब कोणी केला का? भारतातल्या ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात संथ डेटा रेटला एका निरोपात ५१ बाइट मावतात. फुकटची बडबड परवडत नाही.

निरोपाला यूयूआयडी (जगात एकमेव ठरावा असा ओळख क्रमांक) द्यायचा आणि तो स्ट्रिंग म्हणून लिहायचा झाला तर ३६ अक्षरं, वर टॅग (फील्डचा क्रमांक आणि वायर टाइप) आणि लांबी मिळून ३८ बाइट. उरले १३. प्रोटोबफचा तयार 'एनी' (कुठलाही मेसेज आत घेणारा लिफाफा) वापरला तर त्यातल्या पत्त्याची नुसती सुरुवातच, टाइप डॉट गूगलएपीआयज डॉट कॉम आणि तिरकी रेघ, २० बाइट खाते. मेसेजचं नाव पुढे वेगळंच.

आता कंजुषी करून बघा. यंत्र क्रमांक फिक्स्ड३२ म्हणून ५ बाइट (१ टॅग, ४ आकडा). वेळ १९७० पासूनचे सेकंद, तेही फिक्स्ड३२, ५ बाइट. अनुक्रमांक १६३८३ पर्यंत ३ बाइट. प्रकार २. पेलोडचा टॅग आणि लांबी २. एकूण १७. आत तापमान, आर्द्रता, ओलावा, बॅटरी मिळून १० बाइट. सगळं २७ मध्ये. फील्ड क्रमांक मात्र १ ते १५ मध्येच ठेवा, १६ पासून टॅगच दोन बाइटांचा होतो.

त्याहून गंमत म्हणजे लोरावॅनमध्ये (लोरावर चालणारं नेटवर्क) यंत्राची ओळख नेटवर्क सर्व्हर तुम्हाला आयतीच देतो, आणि एफपोर्ट म्हणून एक बाइट असतो ज्यात १ ते २२३ हे आकडे तुमच्यासाठी मोकळे आहेत. प्रकार तिथे टाका. म्हणजे क्रमांकाचे ५ आणि प्रकाराचे २ वाचले. यंत्राने आतलं पत्र तेवढं पाठवायचं, लिफाफ्यात घालणं सर्व्हरकडे.

गोदाकाठी | मंगळवार, दुपारी २:१०

@लोराप्रेमी, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या सध्याच्या जेसनचा एक निरोप मोजला. ३१२ बाइट. लोरावर त्याचे सात तुकडे करून पाठवतोय. हसू नका.

मुक्ताफळे | मंगळवार, दुपारी २:११

हसलो.

निफाडचा_नाना | मंगळवार, दुपारी ३:३०

मी प्रोग्रॅमर नाही, बागाईतदार. पुतण्याने लिंक पाठवली. तापमानाचा आकडा वजा गेला तर हे चालतं का? आमच्याकडे थंडीत पारा दोन-तीन अंशांवर येतो, एखाद्या वर्षी पानावर बर्फाची साय धरते.

बिट_बहाद्दर | मंगळवार, दुपारी ३:५२

नाना, प्रोग्रॅमर नसूनही नेमक्या जागी बोट ठेवलंत. तापमान साध्या इंट३२ मध्ये (नेहमीचा पूर्णांक) ठेवलं आणि ते शून्याच्या खाली गेलं, की तो एक आकडा वायरवर १० बाइट घेतो. सिंट३२ (वजा आकडे आटोपशीर लिहिणारा प्रकार) वापरला तर दोन-तीनमध्ये भागतं. कडाक्याच्या थंडीतच निरोप फुगायचे आणि आधीच काठावर असलेले ५१ ची मर्यादा ओलांडायचे, म्हणजे ज्या रात्री यंत्र हवं त्याच रात्री मुकं.

परसातला_पेरू | मंगळवार, सायंकाळी ६:१५

इतकं डोकं कशाला खाजवायचं? मेटाडेटा म्हणून एक मॅप ठेवा, स्ट्रिंगला स्ट्रिंग, म्हणजे नाव आणि त्याची किंमत दोन्ही मोकळा मजकूर. ज्याला जे हवं ते घालेल. लवचीक.

येवलेकरीण | मंगळवार, सायंकाळी ६:४०

घरातला माळाही लवचीकच असतो. सहा महिन्यांनी त्यात डिव्हाइसआयडी तीन स्पेलिंगांत सापडतो, आणि त्यातल्या कुठल्याला हात लावायचा नाही हे फक्त नोकरी सोडून गेलेल्या माणसाला माहीत असतं.

परसातला_पेरू | मंगळवार, सायंकाळी ६:४४

बरं बाई.

अंबडचा_आगाऊ | मंगळवार, रात्री ९:०८

प्रकारासाठी एनम (ठरावीक नावांना आकडे देणारी यादी) करणार असाल तर शून्य मोकळा ठेवा. एका जुन्या नोकरीत आम्ही ० म्हणजे तापमान असं ठरवलं होतं. प्रोटो३ शून्य वायरवर लिहीतच नाही, त्यामुळे प्रकार भरायला विसरलेला प्रत्येक निरोप 'तापमान' होऊन बसायचा. पंप बंद पडल्याचे निरोप तापमानाच्या आलेखात. आलेख मात्र सुरेख दिसायचा, डोंगररांगेसारखा.

आणि काढलेल्या फील्डचा क्रमांक पुन्हा वापरू नका, रिझर्व्ह्ड म्हणून खुंटी मारून ठेवा. यावर वेगळा धागा निघेल इतके किस्से आहेत.

परदेशस्थ_नाशिककर | बुधवार, पहाटे ४:२०

इकडे आम्ही क्लाउडइव्हेंट्स वापरतो, म्हणजे लिफाफ्यावरच्या नावांचं एक खुलं प्रमाण. १.० आवृत्ती २०१९ ची. त्यात सक्तीची नावं चारच: आयडी, सोर्स, स्पेकव्हर्जन, टाइप. वेळ ऐच्छिक. शिवाय दोन रीती आहेत. एकात लिफाफा आणि पत्र एकाच कागदावर, दुसऱ्यात ही नावं वाहतूक करणाऱ्याच्या हेडरमध्ये आणि मुख्य भागात फक्त पत्र. काफ्काला (सर्व्हरमधली निरोपांची रांग) असे हेडर ०.११ पासून, म्हणजे २०१७ पासून आहेत, एमक्यूटीटीला (यंत्रांचे निरोप वाहणारा प्रोटोकॉल) आवृत्ती ५ मध्ये यूझर प्रॉपर्टीज म्हणून आले. ५१ बाइटवाल्यांना पूर्ण प्रकरण झेपणार नाही, पण निदान सर्व्हरच्या आत नावं तरी हीच घ्या.

अवांतर: कॉलेज रोडवरची ती कोपऱ्यावरची मिसळ अजून तशीच आहे का?

सातपूरकर | बुधवार, सकाळी ८:०५

मिसळ तीच आहे, पार्किंग नाही. २०२७ च्या कुंभाची खोदाई सुरू आहे, चालत जा.

हेडरबद्दल एक सावधगिरी. वाहतूक बदलली की हेडर गळतात. एमक्यूटीटीवरून काफ्कात, काफ्कातून फाइलमध्ये. तीन महिन्यांनी फाइल उघडाल तेव्हा पत्र असेल, पाकीट फाडून फेकलेलं असेल. लासलगावला ट्रॉलीतला कांदा रिकामा करून झाला आणि काटापट्टी वाऱ्याने उडाली, तर कांदा कोणाचा हे कांदा बघून सांगता येत नाही.

गोदाकाठी | बुधवार, सकाळी ११:३०

आता खरं कारण सांगतो, ज्यामुळे हे सगळं सुरू झालं.

गेल्या नोव्हेंबरात, ऑक्टोबर छाटणीनंतरचे नाजूक दिवस. एका रात्री एका गावातला टॉवर अकराला गेला आणि सकाळी साडेसातला आला. यंत्राने दर पंधरा मिनिटांची नोंद साठवून ठेवली, म्हणजे ३४ नोंदी, आणि रेंज येताच एका दमात ओतल्या. आमच्या जेसनमध्ये 'वेळ' एकच होती आणि ती सर्व्हर निरोप मिळाल्यावर लिहायचा. त्यामुळे ३४ नोंदी सकाळी ७:३१ च्या झाल्या. साडेआठ तास ओलं राहिलेलं पान आमच्या हिशेबात मिनिटभर ओलं. डाऊनीचा (केवडा रोगाचा) इशारा गेलाच नाही. शेतकऱ्याने काही दिवसांनी पानामागे बुरशी पाहिली आणि फोन केला. तो फोन मीच घेतला. यंत्र उत्तम चाललं होतं. चूक आमची.

येवलेकरीण | बुधवार, दुपारी १२:१५

हे आधी सांगायचं ना. यात वेळा दोन आहेत. पत्रावर लिहिलेली तारीख आणि पोस्टाचा शिक्का. तारीख लिहिणारा घरी बसलेला, शिक्का मारणारा पोस्टात. दोघांनी एकाच चौकोनात लिहिलं की असंच होणार.

मोजल्याची वेळ निरोपाच्या आत, यंत्राने लिहिलेली. मिळाल्याची वेळ लिफाफ्यावर, सर्व्हरने लिहिलेली. नावंही वेगळी. नुसतं 'वेळ' नावाचं फील्ड स्कीमात दिसलं की मी कोड परत पाठवते. आणि दोन्ही यूटीसीमध्ये (जागतिक वेळ, आपण तिच्या साडेपाच तास पुढे). साडेपाच तास एकदा फर्मवेअरने आणि एकदा सर्व्हरने मिळवलेले मी पाहिलेत, दुपारचं ऊन रात्री पडतं.

बिट_बहाद्दर | बुधवार, दुपारी १२:४०

ताईंच्या शिक्क्यासाठी एक युक्ती. प्रोटोबफचे दोन बंडल एकापुढे एक चिकटवले तर वाचणाऱ्याला तो एकच मेसेज वाटतो. साधं फील्ड दोनदा आलं तर शेवटचं खरं. म्हणजे सर्व्हरला यंत्राचा लिफाफा उलगडून पुन्हा बांधायची गरज नाही. 'मिळाल्याची वेळ' एवढंच फील्ड एन्कोड करून शेपटाला जोडा. यंत्राने स्वतःच खोटा शिक्का मारून पाठवला असेल तरी तुमचा नंतर आला म्हणून तुमचा धरला जाईल.

दुसरी युक्ती, पहिल्या आणि दुसऱ्या पक्षाचं भांडण मिटवणारी. वायरवर बाइट्सचं फील्ड आणि आत घातलेला मेसेज यांत काहीही फरक नाही, दोन्ही 'लांबी आणि मग माल'. वाटप करणाऱ्याच्या स्कीमात फील्ड ५ बाइट्स ठेवा, हवामानवाल्याच्या स्कीमात तेच फील्ड ५ हवामान नोंद. दोघंही तेच बंडल वाचतील.

अंबडचा_आगाऊ | बुधवार, दुपारी १:०२

पहिली युक्ती झकास. दुसरीला कडाडून विरोध. एकाच निरोपाच्या दोन स्कीमा म्हणजे दोन घरची सोयरीक, सणाला वाद ठरलेला. आज तुम्हाला आठवतंय फील्ड ५ म्हणजे तेच. पुढच्या वर्षी?

बिट_बहाद्दर | बुधवार, दुपारी १:१०

मान्य. युक्ती होती, सल्ला नव्हता. पण साधे बाइट्स ठेवा याला अजून एक कारण देतो. उद्या निरोपावर सही किंवा चेकसम (बाइट बदलले का ते पकडणारा आकडा) घ्यायचा झाला तर तो बाइटांवर घ्यावा लागतो. मेसेज वाचून पुन्हा लिहिला की बाइट तेच येतील याची प्रोटोबफ हमी देत नाही. गाठोडं न सोडता पुढे दिलं तर सही शाबूत.

निफाडचा_नाना | बुधवार, रात्री ८:४५

माझा एक प्रश्न राहिला. मला फोनवर यंत्र क्रमांक दिसतो, ८८ का काय. मला प्लॉट हवा. 'विहिरीजवळची थॉमसन' असं. तो तुम्ही लिफाफ्यात घालता का? आणि मी यंत्र उचलून दुसऱ्या प्लॉटात रोवलं तर? आम्ही रोवतो. वर्षातून दोनदा.

गोदाकाठी | बुधवार, रात्री ९:२०

नाना, सध्या प्लॉटचं नाव फर्मवेअरमध्ये लिहिलेलं आहे. तुम्ही यंत्र हलवलं तर ते जुन्याच प्लॉटचं नाव सांगत राहणार. म्हणजे गेली दोन वर्षं...

निफाडचा_नाना | बुधवार, रात्री ९:२४

हां.

येवलेकरीण | बुधवार, रात्री ९:५०

नाना, तुम्ही पगार घ्या यांच्याकडून.

प्लॉट यंत्राला माहीत असूच शकत नाही, त्यामुळे त्याने तो लिहायचाच नाही. 'यंत्र ८८ या तारखेपासून या प्लॉटात' असा तक्ता सर्व्हरवर, आणि निरोप जोडताना *मोजल्याच्या* वेळेने शोधायचा, मिळाल्याच्या नाही. नाहीतर टॉवर गेलेल्या रात्रीच्या नोंदी सकाळी हलवलेल्या यंत्रासोबत नव्या प्लॉटात जातील. निर्यातीची बाग असेल तर ग्रेपनेटमध्ये (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी नोंदणी) प्लॉटची नोंदणी असतेच, तोच क्रमांक तक्त्यात घ्या, तुमचा नवीन कशाला.

गोदाकाठी | पुढचा मंगळवार, सायंकाळी ७:०५

ठरलं ते कळवतो, म्हणजे धागा अर्धवट राहायला नको.

लिफाफा घेतला, माझा पक्ष हरला. बाहेर यंत्र क्रमांक, अनुक्रमांक, प्रकार (० मोकळा) आणि पेलोड बाइट्स. पेलोडचे अकरा मेसेज एकाच फाइलमध्ये, शेजारी प्रकाराचा एनम, आणि दोन्हींची जोडी जुळते का हे बिल्डमध्ये तपासणारी वीस ओळींची स्क्रिप्ट. आगाऊरावांच्या तपासनीसाची तेवढी भरपाई. मोजल्याची वेळ आत. मिळाल्याची वेळ फील्ड १५, सर्व्हर शेपटाला जोडतो. फर्मवेअरची आवृत्ती उठल्याच्या निरोपात. लोरावर लिफाफा यंत्र पाठवतच नाही, प्रकार एफपोर्टमध्ये. तिथला हवामानाचा निरोप आता १८ बाइट, कारण मोजल्याची वेळ आणि अनुक्रमांक आत घ्यावे लागले.

वनऑफवाला सहकारी अजून बोलत नाहीये, उद्या मिसळ खाऊ घालतो.

मुक्ताफळे | पुढचा मंगळवार, सायंकाळी ७:१२

पार्किंग नाही.

निफाडचा_नाना | पुढचा मंगळवार, रात्री ८:३०

अभिनंदन. ते ८८ नंबर आज सकाळी विहिरीवरून काढून रस्त्याकडच्या प्लॉटात लावलंय. नोंद कुठे करायची?

गोदाकाठी | पुढचा मंगळवार, रात्री ८:३३

मलाच सांगा नाना, तक्त्यात भरतो. किती वाजता हलवलं?

निफाडचा_नाना | पुढचा मंगळवार, रात्री ८:४१

चहा झाल्यावर.